आभासी स्थानिक जाळी आणि स्विचमधील मार्गनिर्णय : एक ऐतिहासिक मागोवा

महाविद्यालयातील परीक्षा विभागाचे संगणक आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील संगणक पुष्कळदा एकाच स्विचला जोडलेले असतात. प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठविण्याची पद्धत रूढ झाल्यापासून या शेजाराला गंभीर अर्थ प्राप्त झाला आहे. हे दोन विभाग वेगळे कसे राखले जातात आणि त्यांच्यातील दळणवळण कोण घडवून आणते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडलेल्या इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच तारेवर असत. एकाचा संदेश सर्वांपर्यंत जाई. १९९० मध्ये कल्पना या अमेरिकन कंपनीचा इथरनेट स्विच बाजारात आला आणि संदेश नेमक्या पोर्टकडे जाऊ लागला. तथापि, सर्वांना उद्देशून केलेली घोषणा सर्वत्रच पोहोचे. त्यावरील उपाय व्हीलॅन होय. बेलकोरमधील डेव्हिड सिन्कोस्की यांनी १९८०च्या दशकात ही कल्पना पुढे आणली; १९९८ मध्ये ८०२.१क्यू हे प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यानुसार संदेशाला ४ बाइटची खूणचिठ्ठी जोडली जाते. तिच्यातील १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक दर्शवितात. त्यामुळे ४०९४ जाळी वापरता येतात.

परंतु भिंत उभी राहताच दाराचा प्रश्न उद्भवला. आरंभी हे काम बाहेरचा राऊटर करी. संदेश एकाच तारेने राऊटरकडे जाई आणि दुसरी चिठ्ठी लावून त्याच तारेने परत येई. कोल्हापूरकरांना मिरजेचे उदाहरण परिचित आहे. १८९१ मध्ये सुरू झालेला कोल्हापूर-मिरज मार्ग मीटरगेज होता, तर पंढरपूरकडील मार्ग नॅरोगेज. साहजिकच मिरजेत माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. राऊटरपाशीही तशीच कोंडी होई. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम स्विचमधील चिपकडेच सोपविण्यात आले. असा स्विच तिसऱ्या स्तराचा म्हणून ओळखला जातो.

त्याची कार्यपद्धती अशी : गंतव्य पत्ता आपल्या उपजाळ्याबाहेरचा असल्याचे संगणक ओळखतो आणि संदेश गेटवेच्या, म्हणजे स्विचच्याच, हार्डवेअर पत्त्यावर पाठवितो. स्विच मार्गसारणी पाहतो, संदेशाची आयुर्मर्यादा एकाने घटवितो, दोन्ही हार्डवेअर पत्ते बदलतो आणि नव्या व्हीलॅनमध्ये संदेश सोडतो. आयपी पत्ते मात्र सामान्यतः तेच राहतात.

येथेच एक गैरसमज आढळतो. व्हीलॅन केले म्हणजे सुरक्षा झाली, असे मानले जाते. वस्तुतः स्विचवर मार्गनिर्णय सुरू करून प्रत्येक व्हीलॅनला गेटवे दिला की, प्रतिबंधाचे नियम न लिहिल्यास, ही सर्व जाळी परस्परांस खुली होतात. प्रयोगशाळेतील संगणक मग परीक्षा विभागापर्यंत सहज पोहोचू शकतो. म्हणून परीक्षा विभागाचा गेटवे स्विचऐवजी फायरवॉलवर ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरते. त्यात वेग काहीसा घटतो. पण परीक्षा विभागातून होणारी वाहतूक मुळातच थोडी असते.