श्येनयाग आणि कर्तव्याचा प्रश्न
वेदात सांगितलेले प्रत्येक कर्म योग्यच असते का, हा प्रश्न वेदांना अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले, मानणाऱ्या पूर्वमीमांसकांनीच उपस्थित केला, ही भारतीय नीतिविचाराच्या इतिहासातील फार मोलाची गोष्ट आहे. कर्माला प्रवृत्त करणाऱ्या वैदिक वचनाला, म्हणजे 'चोदने'ला, मीमांसेचा सूत्रकार जैमिनीने धर्माचे प्रमाण मानले. मात्र जे धर्म म्हणवते ते अनर्थकारक असता कामा नये, अशी अटही त्याने त्याच सूत्रात घातली, आणि तिचे प्रयोजन सांगताना भाष्यकार शबरस्वामींनी श्येनयागाचे उदाहरण घेतले.

श्येन हा शत्रूच्या नाशासाठी करावयाचा अभिचारयाग, म्हणजे मारणकर्म होय. त्याचा बहुतेक विधी ज्योतिष्टोम या सोमयागावरून घेतलेला असून (अशा उसनवारीला मीमांसक 'अतिदेश' म्हणतात) ऋत्विजांनी लाल पागोटी घालून वावरावे, अशा थोड्याच गोष्टी त्यात वेगळ्या आहेत. पागोटे मूळ यागातूनच आलेले असल्याने येथे नव्याने सांगितला तो केवळ लाल रंग, असा निष्कर्ष मीमांसकांनी काढला. वचन नेमके किती सांगते आणि कोठे थांबते हे पाहण्याची ही काटेकोर दृष्टी त्यांना नीतीच्या प्रश्नातही उपयोगी पडली.

शबरांच्या मते श्येनाचे वचन शत्रुवधाची इच्छा असलेल्याला त्याचा उपाय सांगते, परंतु वध करावा असे सांगत नाही, आणि हिंसा तर निषिद्धच आहे. सुमारे ७व्या शतकातील कुमारिल भट्टांनी याची अधिक बारकाईने फोड केली. प्रत्येक विधिवाक्यात काय साधावे, कशाने साधावे आणि कसे साधावे असे तीन अंश असतात. त्यांपैकी साधन आणि पद्धती विधीच्या कक्षेत येतात, पण फळाकडे माणूस आपल्या इच्छेनेच ओढला जात असल्याने तेथे आज्ञेला काही काम उरत नाही. श्येनातील वध हा फळाचा अंश असल्यामुळे निषेध त्याला गाठतो, तर सोमयागातील पशुवध यागाचे अंग असल्यामुळे निषेधातून सुटतो. यातील दुसरा भाग सांख्यांनी मान्य केला नाही आणि आजच्या वाचकालाही तो पटणार नाही. तथापि उपाय अचूक असणे आणि कृती योग्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे येथे निःसंदिग्धपणे प्रस्थापित झाले.

योग्य कृतीकडे माणसाला नेते तरी काय, यावर मीमांसकांमध्येच तीव्र मतभेद होता. प्रभाकरांच्या मते 'हे माझे कर्तव्य आहे' ही जाणीवच प्रवृत्तीला पुरेशी असून, फळाची इच्छा ही आज्ञा कोणाला लागू आहे एवढेच ठरवते. मंडनमिश्रांनी 'विधिविवेक' या ग्रंथात विध्यर्थाचा उलगडा इष्टसाधनता, म्हणजे इच्छित गोष्टीचे साधन असणे, असा केला. इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये नीतिमीमांसेचा पाया घालताना ज्या प्रश्नाला हात घातला, त्याच्याशी या वादाचे जवळचे नाते आहे. फरक असा की कांटची आज्ञा माणसाच्या विवेकातून येते आणि प्रत्येकाला सारखीच लागू होते, तर मीमांसेने यज्ञाच्या अधिकारातून शूद्रांना वगळले. हा दोष तपशिलाचा म्हणून सोडून देता येत नाही.

या शास्त्राचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्टांनी, ज्यांनी १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला, 'भाट्टचिंतामणि' हा मीमांसाग्रंथ लिहिला. आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेल्या मीमांसाकोशाचा पहिला खंड १९५२ मध्ये निघून पुढे तो ७ खंडांत पुरा झाला. एवढी साधने हाताशी असताना मराठीतून नीतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी कांटच्या शेजारी श्येनाचे हे अधिकरणही, म्हणजे मीमांसेतील ही चर्चाही, त्याच्या बळासह आणि दोषांसह, विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजे.