१९८० : रफी आणि साहिर

१९८० साली ३१ जुलैला मोहम्मद रफी गेले. वय अवघे ५५. तीन महिने व्हायच्या आत, २५ ऑक्टोबरला साहिर लुधियानवीही अल्लाला प्यारे झाले. ‘प्यासा’, ‘ताजमहल’मध्ये साहिर यांचे शब्द रफींच्या गळ्यातून घरोघरी पोहोचले होते. दोघेही पंजाबचे. साहिर यांनी उर्दूत लिहिले; रफींनी श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर मराठीतही गायले. दोघांचे दफन जुहूच्या कब्रस्तानात झाले. २०१० मध्ये नव्या मय्यतींसाठी जागा करताना त्यांच्या कबरी हटवल्या गेल्या. दोघे इथल्याच मातीत मिसळले. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. “मुसलमान असून मराठी छान बोलता,” असे कुणी म्हणाले, की मी रफींची मराठी गाणी ऐकवतो.