यीस्ट आणायला निघालेली आजी

अमेरिकेतलं वायोमिंग तेव्हा राज्यही नव्हतं, नुसता प्रदेश. तरी १० डिसेंबर १८६९ रोजी तिथं बायकांना मतदानाचा हक्क मिळाला. निव्वळ उदारपणा नव्हता हं! वस्तीत बायका फार थोड्या. त्या याव्यात हाही हिशेब होता.

६ सप्टेंबर १८७० ला लारामी गावात सत्तरीला टेकलेल्या लुईझा स्वेन यांनी मत दिलं. पावासाठी यीस्ट आणायला डबा घेऊन निघाल्या होत्या म्हणे, वाटेत मत देऊन आल्या.

पुढच्याच वर्षी विधिमंडळानं हा हक्क काढून घ्यायचा घाट घातला. गव्हर्नर कॅम्पबेल यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला एक मत कमी पडलं. १८९० मध्ये वायोमिंग राज्य झालं, ते हा हक्क राखूनच.

निवडणुकीच्या दिवशी ‘आधी स्वयंपाक उरकू, मग बघू’ असं मनात आलं, की मला तो डबा आठवतो.