सिमेंट नियंत्रणाच्या काळातील बांधकाम अंदाजपत्रक : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
इमारतीसाठी किती सिमेंट, किती विटा अथवा ठोकळे लागतील हे आधी काढणे ही केवळ स्थापत्यशास्त्राची बाब मानली जाते. तथापि भारतात सिमेंटच्या वाटपावर शासकीय नियंत्रण असताना याच आकड्याला आर्थिक व राजकीय महत्त्व प्राप्त झाले. त्या काळातील अंदाजपत्रक इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गणनेची रीत :
सांध्यासह ४० × २० × २० सें.मी. मापाचे १२.५ ठोकळे एक चौरस मीटर भिंतीस लागतात. १:६ प्रमाणाच्या एक घनमीटर ओल्या मसाल्यासाठी कोरडे घनफळ सुमारे १.३३ घनमीटर धरतात. त्याचा सातवा भाग, म्हणजे ०.१९ घनमीटर, सिमेंट असते. घनमीटरला १४४० किलो या हिशेबाने ते सुमारे २७४ किलो, अर्थात साडेपाच पोती होते. १:२:४ काँक्रीटच्या एक घनमीटरला याच रीतीने सुमारे ६.३ पोती लागतात. हे गणित कोणालाही पडताळता येते, हेच त्याचे ऐतिहासिक मूल्य होय.

नियंत्रण व टंचाई :
जुलै १९५६ मध्ये सिमेंटचे वितरण राज्य व्यापार महामंडळाकडे आले. १९६६-६७ मधील शिथिलता वगळता हे नियंत्रण दीर्घकाळ टिकले. सिमेंट परवान्यावर मिळू लागल्याने अंदाजपत्रकातील पोत्यांची संख्या ही गरजेच्या नोंदीबरोबरच दुर्मिळ वस्तूवरील हक्काची मागणी ठरली. मंजुरीत कपात होणार हे गृहीत धरून मागणी फुगवण्यास साहजिकच वाव राहिला. सिमेंट वाटप व न्यासांना मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्र शासनाने अंशतः नियंत्रणमुक्ती जाहीर केली आणि १ मार्च १९८९ पासून नियंत्रण पूर्णतः उठले.

साधनचिकित्सा :
जुन्या कागदपत्रांत मापांचीही अडचण येते. ‘ब्रास’ म्हणजे वाळू-खडीच्या संदर्भात १०० घनफूट (२.८३ घनमीटर), तर क्षेत्रफळाच्या संदर्भात १०० चौरस फूट. हा भेद दुर्लक्षिल्यास संपूर्ण हिशेब चुकतो. तसेच अंदाजपत्रकातील आकडा हा प्रत्यक्ष वापर नव्हे. त्यासाठी मोजमाप पुस्तिकेतील नोंदी तपासणे आवश्यक ठरते. शक्य तेथे उभ्या इमारतीची मापे घेऊन वरील रीतीने फेरगणना करावी.

निष्कर्ष :
फेरगणना व अंदाजपत्रक यांत येणारी तफावत म्हणजे चोरीच असे मानणे योग्य नाही. नासाडी, आराखड्यातील बदल व अपुरा पुरवठा हीही तिची कारणे असू शकतात. मात्र तफावतीची दिशा व प्रमाण अनेक इमारतींत सारखेच आढळल्यास टंचाईच्या अर्थव्यवस्थेतील व्यवहार त्यातून उलगडू शकतो. म्हणूनच महाविद्यालये व स्थानिक संस्थांच्या दप्तरांतील अशी अंदाजपत्रके रद्दीत जाण्यापूर्वी जतन होणे अगत्याचे आहे.