लोखंडी अवजारे व वाहनभागांचे घरगुती रंगकाम

ट्रॅक्टर, ट्रॉली, नांगर, पेरणीयंत्र, जीप अशा शेतात आणि कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या साधनांचे पोलादी भाग घरच्या अंगणात साफ करून त्यांवर गंजरोधक अस्तर व रंग चढवण्याचे काम. कारखान्यातील भट्टीचा रंग किंवा पावडर कोटिंग या कामात येत नाही. पावडर कोटिंगला साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान लागते.

पार्श्वभूमी : किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला आणि गंजाचा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात आला. आज बारामती-इंदापूर पट्ट्यात या कामाचा मोठा भाग उसाच्या ट्रॉल्यांचा आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत त्यांना उसंत नसते. कऱ्हाटीसारख्या कऱ्हाकाठच्या गावांपासून इंदापूरच्या कालवाभागापर्यंत अवजारे रंगवण्याची लगबग खंडेनवमीच्या पूजेपूर्वी दिसते. गंजाच्या दृष्टीने मात्र उन्हाळा अधिक योग्य. तेव्हा हवा कोरडी असते, ट्रॉली रिकामी असते आणि पावसाआधी लोखंडाला संरक्षण मिळते.

गंजाची कारणे : लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, क्षार असतील तर तो वेगाने पसरतो. सांध्यात अडकलेली काळी माती ओल धरून ठेवते. नीरा डाव्या कालव्याखालच्या चोपण जमिनींत क्षार असतात. पेरणीयंत्राच्या पेटीत उरलेल्या पोटॅशमधील क्लोराइड पत्रा पोखरते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग फुगून पोपडे सुटतात. गंजावरच रंग मारला, तर गंज आत वाढतच राहतो.

पृष्ठभागाची तयारी : रंगाचे आयुष्य मुख्यतः याच टप्प्यावर ठरते. आधी माती, खत व ग्रीस काढून भाग साबणाच्या पाण्याने धुतात आणि पूर्ण वाळवतात. गंजू नये म्हणून अवजाराला जुने इंजिन ऑइल फासले असेल, तर ते थिनरने पुसावे लागते. तेलावर अस्तर धरत नाही. सुटे पोपडे खरवडून, तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने गंज काढतात. मग ८० ते १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून पृष्ठभागाला किंचित खरखरीतपणा देतात. वेल्डिंगची कामे रंगाआधीच उरकतात. उघडे लोखंड रात्रभर तसेच ठेवू नये. दवाने त्यावर पुन्हा गंज धरतो.

अस्तर व रंग : खेडोपाडी रेडऑक्साइडचे अस्तर आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन हात ही रूढ पद्धत आहे. धारेवर ओला रंग मागे सरकून पातळ होतो. म्हणून कडा, वेल्डिंगच्या शिवणी व बोल्टच्या डोक्यांना आधी ब्रशने एक जादा हात देतात. ऑइलपेंटच्या एका हाताचा सुकलेला थर साधारण २५ ते ३५ मायक्रॉन भरतो. त्यामुळे एकच जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात चांगले. जाड थर वरून सुकतो, आत कच्चा राहतो. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना किंवा पत्रा हाताला चटका देत असताना रंग लावत नाहीत. चासीच्या पोकळ भागातील पाणी जाण्याची छिद्रे रंगाने बुजू देऊ नयेत.

रंग टाळण्याच्या जागा : नांगराचा फाळ आणि रोटाव्हेटरची पाती यांवरचा रंग पहिल्याच तासात मातीने घासून जातो, हंगामानंतर त्यांना तेल लावणे पुरते. हायड्रॉलिकचा दांडा, पीटीओ शाफ्टचे दाते, ग्रीसचे निपल, ब्रेकची घर्षणाची बाजू आणि चासी क्रमांक कागद व चिकटपट्टीने झाकतात. चाकाचे नट जिथे टेकतात तिथे रंगाचा जाड थर राहिला, तर तो दबून नट ढिले होऊ शकतात.

सुरक्षितता : झिंक क्रोमेट असलेल्या अस्तरातील क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्याऐवजी झिंक फॉस्फेटचे अस्तर घेता येते. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. जुन्या यंत्रांवरील रंगात शिसे यापेक्षा जास्त असू शकते. तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा. हार्डनर मिसळायच्या पीयू रंगात आयसोसायनेट असते आणि त्याची फवारणी तोंडाला रुमाल बांधून करणे धोक्याचे आहे. हे काम योग्य सोय असलेल्या गॅरेजकडे द्यावे. थिनरजवळ चूल, बिडी किंवा चालू ग्राइंडर नसावा.

नियम : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. त्यामुळे जुन्या जीपला लष्करी रूप देण्याची हौस बेकायदेशीर ठरते. नोंदणी झालेल्या वाहनाचा मूळ रंग बदलला, तर आरटीओकडे नोंदणी प्रमाणपत्रात तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते. ट्रॉली रंगवताना मागचे परावर्तक झाकले गेले असतील, तर रंग सुकल्यावर ते साफ करावेत किंवा नवे बसवावेत; ऊसवाहतूक बरीचशी रात्री चालते.