मिलसाहेबांचा लग्नाचा कागद

प्रेमावर आणि विवाहावर तत्त्वज्ञांनी लिहिले पुष्कळ. पण संसार करून पाहिला थोड्यांनीच. कांटने विवाहाची व्याख्या कराराच्या रुक्ष भाषेत केली आणि स्वतः जन्मभर अविवाहित राहिला. स्पेन्सरचेही तेच. आगरकरांचा दुसरा गुरू जॉन स्टुअर्ट मिल मात्र याला अपवाद, आणि त्याची हकिकत एखाद्या कादंबरीला शोभेल अशी आहे.

लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हा मनुष्य पस्तीस वर्षे नोकरीला होता. आपल्याकडील संस्थानांसंबंधीच्या खलित्यांचे मसुदे तो करी. 1830 साली, चोविसाव्या वर्षी, त्याची हॅरिएट टेलरशी ओळख झाली. ती एका औषध-व्यापाऱ्याची पत्नी, मुलांची आई. विवाह आणि घटस्फोट यांवर दोघांनी एकमेकांसाठी निबंध लिहिले! प्रेमपत्रांचा हा प्रकार आमच्या तरुण वाचकांना कितपत रुचेल कोण जाणे. लोक बोलत राहिले, स्नेह टिकला. टेलर आजारी पडला तेव्हा हॅरिएटनेच त्याची शुश्रूषा केली. 1849 मध्ये तो वारला.

1851 मध्ये मिल व हॅरिएट यांचा विवाह झाला. त्याआधी सुमारे दीड महिना मिलने एक कागद लिहून ठेवला. इंग्रजी कायद्याने तेव्हा पत्नीची मालमत्ता आणि तिचे स्वातंत्र्य पतीच्या हाती जाई. हे अधिकार आपल्याला मान्य नाहीत, ते आपण कधीही वापरणार नाही, जणू लग्न झालेच नाही इतकी ती मोकळी राहील, असे त्याने त्यात लिहून दिले. त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नव्हती, आणि हे त्यालाही ठाऊक होते.

मिल देवमाणूस होता असे मात्र नव्हे. या लग्नापायी घरच्यांनी हॅरिएटचा मान राखला नाही, असे मनात घेऊन त्याने आईशी नि भावंडांशी अबोला धरला. न्यायाच्या पुरस्कर्त्याचा हा अन्याय मला तरी खटकतो.

1858 मध्ये फ्रान्समधील आविन्यों येथे हॅरिएट गेली. मिलने तिच्या कबरीजवळच घर घेतले. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्यावरचा त्याचा ग्रंथ तिला अर्पण होऊन निघाला. 1867 मध्ये त्याने पार्लमेंटात स्त्रियांच्या मताधिकाराची सूचना मांडली. 73 मते मिळाली, विरुद्ध 196. स्त्रियांच्या दास्यावरील पुस्तक 1869 चे.

विवाहित स्त्रीची मालमत्ता तिची स्वतःची, असा कायदा विलायतेत झाला 1882 मध्ये. मिलला तेव्हा आविन्योंच्या त्याच कबरीत हॅरिएटशेजारी विसावून नऊ वर्षे झाली होती.