सॉकेट जगलं तर पीसी जगतो

घरातला टीव्ही जुना झाला की आपण त्याचा फक्त पडदा बदलत नाही. दहा वर्षांच्या बाईकमध्ये यंदाच्या मॉडेलचं इंजिनही कुणी बसवत नाही. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत, त्यातही गेमिंग पीसीच्या बाबतीत, आपण अगदी हेच करतो. या दिवाळीला रॅम, पुढच्या बोनसला एसएसडी, त्याच्या पुढच्या वर्षी ग्राफिक्स कार्ड... आजीच्या गोधडीसारखं. विरलेला तुकडा काढायचा, नवा लावायचा, पण गोधडी तीच!

हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की कॉम्प्युटर म्हणजे असाच असणार असं वाटतं. तसं अजिबात नाहीये. थोडा इतिहास चाळला तर दिसतं की तुकड्या-तुकड्याने पीसी सुधारायची ही वाट निदान तीनदा बंद व्हायच्या बेतात होती. आणि तिन्ही वेळा ती उघडी राहिली ती कुणाच्या उदारपणामुळे नाही, तर प्रतिस्पर्ध्यांच्या स्वार्थामुळे किंवा गिऱ्हाइकांच्या आरडाओरड्यामुळे. ज्याच्या खिशात एकदम ऐंशी हजार नसतात त्याला हा इतिहास माहीत असलेला बरा, म्हणून या वीकेंडचा हा लेख.

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ ची. आयबीएमने त्या दिवशी आपला पीसी जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या एका छोट्या टीमने, डॉन एस्ट्रिजच्या हाताखाली, साधारण वर्षभरात तो उभा केला होता. आता वर्षभरात मशीन काढायचं तर सगळं घरी बनवायला वेळ कुठला? म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला (८०८८, ४.७७ मेगाहर्ट्झ), ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि बोर्डवर पाच स्लॉट ठेवले, ज्यात कुणीही आपलं कार्ड बनवून खोचावं. सगळ्यात स्वस्त मॉडेल १,५६५ डॉलरचं, त्यात रॅम किती? १६ किलोबाइट! म्हणजे पहिल्या दिवसापासून हे मशीन 'नंतर वाढवा' असंच सांगत होतं. बोर्डवर गणिताच्या ८०८७ चिपसाठी एक रिकामं सॉकेटसुद्धा होतं. वर आयबीएमने सर्किटच्या आकृत्या आणि बायॉसचा कोड छापलेलं तांत्रिक मॅन्युअलही विकायला ठेवलं.

बायॉसवर कॉपीराइट असल्यामुळे तो जसाच्या तसा उचलता येत नव्हता. मग कॉम्पॅकने आणि पुढे फिनिक्सने युक्ती काढली. एका टीमने बायॉस काय काय करतो ते लिहून काढायचं, आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या टीमने त्या यादीवरून नवा कोड लिहायचा. कायदेशीर आणि चोख. आयबीएमच्या पीसीला भावंडं झाली आणि एकाचं कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये बसू लागलं. आज आपण ज्याला 'असेंबल्ड' म्हणतो त्याचं मूळ इथे आहे.

आता पहिला प्रसंग. एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ ही नवी मालिका आणली आणि तिच्या वरच्या मॉडेल्समध्ये मायक्रो चॅनल नावाचे नवे स्लॉट दिले. तांत्रिकदृष्ट्या ते खरोखर चांगले होते, उगाच का नाकारा! पण जुनी कार्डं त्यात बसत नव्हती आणि दुसऱ्या कुणाला तसे स्लॉट बनवायचे तर आयबीएमला रॉयल्टी द्यावी लागणार होती. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी वगैरे नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन ईसा (ईआयएसए) हा आपला वेगळा स्लॉट जाहीर केला. त्याची खुबी एकच होती: जुनं कार्डही त्यात बसायचं. स्वतः ईसा महाग पडला आणि सर्व्हरपुरताच राहिला, पण आयबीएमची वाटही अडली. गिऱ्हाइकांनी दाखवून दिलं की त्यांना नव्यातलं सर्वोत्तम नकोय, आधी घेतलेलं फुकट जायला नकोय.

आता म्हणाल, यात गेम कुठे आले? तर १० डिसेंबर १९९३ ला 'डूम' आला. त्याला ३८६ प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट रॅम लागायची, आणि ती ज्यांच्याकडे नव्हती असे लोक ढिगाने होते. ऑफिसचा हिशोब जुन्या मशीनवर आणखी चार वर्षं चालला असता, गेम चालत नव्हता. १९९६ च्या 'क्वेक'ने आणखी एक गंमत केली. त्याचा कोड पेंटियमच्या फ्लोटिंग पॉइंट युनिटला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला होता. त्यामुळे सायरिक्सचा ६x८६, जो ऑफिसच्या कामात पेंटियमला टक्कर द्यायचा, तो इथे धापा टाकायला लागला. 'कुठला भाग बदलू?' हा प्रश्न गेम खेळणाऱ्यांना तेव्हापासून चिकटला तो आजतागायत.

त्याच वर्षी ३डीएफएक्सचं वूडू कार्ड आलं. मला त्याची रचना फार आवडते. ते फक्त थ्रीडीचं काम करायचं. तुमचं जुनं डिस्प्ले कार्ड काढायचं नाही, त्याची वायर वूडूला जोडायची आणि वूडूची मॉनिटरला. विंडोज जुन्या कार्डावर, गेम वूडूवर. जुनं ठेवून वर नवं जोडायचं, याच्याइतकं सरळ उदाहरण दुसरं सापडणार नाही.

दुसरा प्रसंग १९९७ चा. १९९५ पासून बाजारात असलेल्या सॉकेट ७ या बोर्डात इंटेल, एएमडी, सायरिक्स अशा कुणाचाही प्रोसेसर बसायचा. मे १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम टू आणला, आणि तो सॉकेटमध्ये नाही, तर स्लॉट १ नावाच्या लांब खाचेत बसायचा. कॅशच्या वेगळ्या चिप प्रोसेसरच्या शेजारी बसवायच्या होत्या हे कारण खरं होतं. पण स्लॉट १ पेटंटच्या कुंपणात होता आणि एएमडीला आत प्रवेश नव्हता हेही तितकंच खरं. मग एएमडी आणि व्हिया, अली यांसारख्या चिपसेटवाल्यांनी सॉकेट ७ च ताणून मोठं केलं, बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, एजीपी स्लॉट दिला आणि नाव ठेवलं सुपर सॉकेट ७. मे १९९८ मध्ये त्यावर के६-२ आला. पेंटियम टूच्या तोडीचा नव्हता, पण स्वस्त होता, आणि बऱ्याच जणांना जुनी रॅम, जुनं कॅबिनेट ठेवून पुढे जाता आलं.

स्वस्ताईचा दबाव इंटेललाही जाणवला. २४ ऑगस्ट १९९८ ला, एकाच दिवशी, इंटेलने दोन प्रोसेसर आणले: ६६९ डॉलरचा पेंटियम टू ४५० आणि १४९ डॉलरचा सेलेरॉन ३००ए. सेलेरॉनचा गुणक ४.५ ला कुलूपबंद होता, म्हणजे ६६ च्या बसवर ३०० मेगाहर्ट्झ. पण बोर्डवर बस १०० केली की साडेचार गुणिले शंभर, बरोब्बर ४५०! त्याची कॅश छोटी असली (१२८ केबी) तरी पूर्ण वेगाने चालायची, पेंटियम टूची ५१२ केबी निम्म्या वेगाने. त्यामुळे गेममध्ये दोघे जवळजवळ बरोबरीत. पुढे २००० साली तर एएमडीच्या ड्युरॉनवरचे तुटके संपर्क लोकांनी चक्क पेन्सिलीने जोडले आणि गुणक मोकळा केला. दोन रुपयांच्या पेन्सिलीने अपग्रेड! :-)

आपल्याकडे ही सगळी लाट लॅमिंग्टन रोडवर पोचली (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं म्हटलं तर टॅक्सीवाला गोंधळतो). तिकडे दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराला जोडला गेला आणि संगणकाच्या सुट्या भागांवरची आयात ड्यूटी टप्प्याटप्प्याने उतरवत २००५ पर्यंत शून्यावर आणायचं ठरलं. काउंटरवर कोटेशन लिहून घ्यायचं, शेजारच्या दुकानात दोनशे रुपये कमी मिळतात का बघायचं, जुना माल 'बायबॅक'मध्ये द्यायचा. या गल्ल्यांमुळे मध्यमवर्गीय घरांत ब्रँडेडऐवजी असेंबल्ड पीसी आला, आणि असेंबल्ड म्हणजे ओघाने अपग्रेडही आलं.

तिसरा प्रसंग तर आपल्याच काळातला. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी आली. सॉकेट तेच, १,१५१ पिनांचं, पण आधीच्या बोर्डवर प्रोसेसर चालेना. त्याच वर्षी जानेवारीत झेड२७० बोर्ड घेतलेल्यांची काय चिडचिड झाली असेल बघा. याउलट एएमडीने मार्च २०१७ मध्ये एएम४ सॉकेटवर रायझन आणला आणि २०२० पर्यंत हे सॉकेट टिकवू म्हणून शब्द दिला. मे २०२० मध्ये मात्र म्हणाले, पुढची झेन ३ पिढी फक्त ५०० मालिकेच्या बोर्डवर चालेल. कारण सांगितलं की बायॉसच्या १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये इतक्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही. लोक भडकले, आणि दोन आठवड्यांच्या आत कंपनीने माघार घेऊन बी४५० आणि एक्स४७० ला परवानगी दिली. त्याहून जुन्या ३०० मालिकेला ती मिळाली २०२२ मध्ये, तोवर इंटेलची बारावी पिढी बाजारात येऊन दणक्यात विकली जात होती. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

या तारखा मला पाठ आहेत कारण माझा पीसी यातच जगलाय. २०१८ च्या दिवाळीत, इंजिनिअरिंगला असताना, घरून तीस हजार मिळाले. त्याहून जास्त मागायची सोय नव्हती, धाकट्या बहिणीच्या क्लासची फी त्याच महिन्यात होती. त्यात बी३५० बोर्ड, रायझन ३ २२००जी, ८ जीबीची एकच रॅम, हार्डडिस्क आणि बऱ्यापैकी ५५० वॉटचा एसएमपीएस बसवला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. २०१९ मध्ये रॅमचे भाव पडले तेव्हा दुसरी ८ जीबी घेतली. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्या लावल्यावर गेम लगेच सुधारले. २०२० मध्ये एसएसडी. २०२१ मध्ये काहीच नाही, कारण कार्डांचे भाव ऐकून चहा घशाखाली उतरत नव्हता. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग कायमचं बंद झालं आणि सेकंडहँड बाजारात माल उतरला, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला सात हजारांत आरएक्स ५८० घेतलं. आणि त्याच वर्षअखेर, आधी जुन्या प्रोसेसरवरच बायॉस अपडेट करून, मग रायझन ५ ५६००. चार कोअरचे सहा झाले, वॉट ६५ चे ६५ च राहिले, म्हणून बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही तसेच. पाच वर्षांत एकूण पंचावन्न हजार, पण पहिल्या तीस हजारांनंतर एका वेळी बारा हजारांच्या वर एकदाही नाही. ईएमआय भरणाऱ्यांना यातला फरक सांगायला नको!

यातून जो हिशोब दिसतो तो असा. प्रोसेसर, कार्ड, रॅम या भागांचा वेग आपण बघतो, पण पैसा वाचतो तो ज्यांना वेग नसतो अशा गोष्टींमुळे: बोर्डचं सॉकेट, स्लॉट, एसएमपीएस, रॅमची रिकामी जागा. आणि 'स्वस्त' भाग जुन्या बोर्डवर स्वस्त असतोच असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी घ्या. त्याला पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या चारच लेन दिल्या होत्या. नव्या बोर्डवर चालून जायचं. ३.० वाल्या जुन्या बोर्डवर, म्हणजे नेमकं ज्या गिऱ्हाइकाला असं कार्ड हवं असतं त्याच्याकडेच, लेनचा वेग निम्मा व्हायचा आणि गेम अडखळायचे.

आणि चौथा प्रसंग? तो सुरू झालाय असं मला वाटतं, फक्त यावेळी कुणी नवा स्लॉट आणलेला नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाखलेली येते, वाढवायचा प्रश्नच मिटला. डेस्कटॉपवर सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं एएम५ फक्त डीडीआर५ घेतं, म्हणजे एएम४ वरून उडी मारायची तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदम. त्यात २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटासेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आपण, एकेक पट्टी विकत घेणारे लोक, आता त्यांचे महत्त्वाचे गिऱ्हाईक उरलेलो नाही.

१९८८ मध्ये नऊ कंपन्या होत्या, १९९८ मध्ये एएमडी आणि व्हिया, २०२० मध्ये चिडलेले ग्राहक. यावेळी कोण? माहीत नाही. तोपर्यंत एवढं तरी करू शकतो की पुढचा बोर्ड घेताना 'आज यावर किती फ्रेम मिळतात' याच्या आधी 'हे सॉकेट अजून किती वर्षं चालणार आहे, आणि याआधी दिलेला शब्द कंपनीने पाळला का' हे दुकानदाराला विचारायचं. तो वैतागेल, वैतागू दे. शंभर जणांनी विचारलं तर तो वितरकाला विचारेल.

असो. खूप लांबलं. बाहेर पाऊस थांबलाय, कॅबिनेटमधली धूळ ब्लोअरने उडवायचं काम महिनाभर राहिलंय, ते उरकतो. तेही एक अपग्रेडच, आणि फुकट. :-)